रोजडीशेजारचं गवत

भाद्रपद लागला आणि पाऊस जरा उघडला, की देवासच्या आभाळाला संध्याकाळी एक रंग चढतो. आमच्या गच्चीवरून टेकडी दिसते. तिच्या कडेनं सूर्य खाली गेला की आधी सगळं शेंदरी होतं, मग पिकल्या पपईसारखं, आणि अगदी शेवटी वांग्याच्या सालीचा तो काळसर जांभळा रंग उतरतो. खालून कारखान्यांच्या बसेस परतत असतात, कुठूनतरी पिवळ्या पडत चाललेल्या सोयाबीनचा वास येतो. परवा मी अशीच प्लॅस्टिकच्या खुर्चीवर गुडघे चोळत बसले होते. महालक्ष्म्या आदल्याच दिवशी बोळवल्या होत्या, आणि त्यांच्या मागे लावायचा आमचा रंगवलेला पडदा दमट झाला म्हणून गच्चीवर जुन्या चादरीवर पसरला होता, चारी कोपऱ्यांना विटा ठेवून. जवसाच्या तेलाचा, कापराचा, डांबरगोळ्यांचा आणि कितीतरी वर्षांच्या धुपाचा मिळून त्या पडद्याला एक वास आहे. तो नाकात गेला आणि मी देवासची धारला जाऊन पोचले.

थकलेय मी, खोटं कशाला सांगू? महालक्ष्म्यांचे तीन दिवस हल्ली मला तीन महिन्यांसारखे जातात. करते सगळं सूनच, मी खुर्चीवर बसून चुका काढते, पण चुका काढायलाही अंगात त्राण लागतं. अशा थकव्यात माणूस समोर जे असेल त्याकडे नुसतं बघत राहतं. वर आभाळातला सूर्यास्त होता, खाली कापडावरचा. खरं विचाराल तर मला कापडावरचाच जास्त ओळखीचा. आभाळातला रोज वेगळा असतो, आणि आपण भाजी परतेपर्यंत निघूनही जातो.

हा पडदा काकांनी रंगवला. काका म्हणजे माझे चुलतसासरे. धारला राहायचे आणि तिरल्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवायला सायकलवरून जायचे. सारा मोहल्ला त्यांना मास्साब म्हणे. त्यांचे वडील दरबारात कारकून होते. लहानपणी एकदा वडिलांचा डबा पोचवायला गेले असताना काकांनी तिथल्या एका दालनात भिंतभर विलायती चित्र पाहिलं होतं. धुकट डोंगर, काळं सरोवर, मावळतीचा लाल उजेड, आणि कड्यावर मान उंच करून उभा असलेला शिंगाळ काळवीट की बारशिंगा, काय असेल तो. शिपायानं हाकलेपर्यंत जेवढं दिसलं तेवढंच, पण त्या माणसाला ते जन्मभर पुरलं. पुढे स्वतः पडदा रंगवायला घेतला तेव्हा डोंगर त्यांनी तेच ठेवले, पाणी मात्र नेमावरच्या नर्मदेचं घेतलं, कारण दुसरं मोठं पाणी त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे आमच्या चित्रात देवदाराला लागून पळस फुललाय आणि बर्फाच्या शिखरांखाली म्हशींना डुंबावंसं वाटेल असा चिखलाचा काठ आहे. पलीकडे एक वाघ पाणी पितोय. तो थेट त्यांच्या हेडमास्तरांसारखा दिसतो, आणि हे काही आपोआप झालेलं नाही असं काकी पैजेवर सांगायच्या.

एकदा इंदूरहून कुणी चित्रकार आले होते. पडदा बघून हसले आणि म्हणाले, "मास्साब, सूर्यास्त जरा जास्तच रोमँटिक झालाय." काका शांतपणे म्हणाले, "भिया, दिवसभर पोरांकडून केळं आणि पेरू काढून घेतो. घरी तरी थोडं जंगल हवं ना मला!" मला हे उत्तर फार आवडलं होतं. दिवसभर केळं आणि पेरू तर आपणही काढतोच की सगळे.

तर ह्या चित्राची आमच्या घरात एक रीत होती. दुसऱ्या कुणाच्या घरी मी ती पाहिली नाही, काकांनीच पाडलेली असणार. घरात नवं माणूस आलं, मग ती सून असो की तान्हं बाळ, की आधी त्यानं महालक्ष्म्यांसमोर यायचं. बाळाला त्यांच्या पायाशी घालून उचलून घ्यायचं. तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांची बोळवण झाली आणि पडदा उतरवून जमिनीवर अंथरला, की काका रंगांची पेटी उघडायचे आणि त्या नव्या माणसाचा एक प्राणी पाण्याकाठी आणून उभा करायचे. सुनेला विचारून, बाळाचा स्वतःच्या मनानं. माणूस गेलं तरी त्याचा प्राणी पुसायचा नाही, हाही नियम. काकी सारस होत्या, सासूबाई मोरीण होत्या, आणि आमचे हे सांबर, जरा लठ्ठच. काका स्वतः मात्र कुठेच नव्हते. विचारलं की म्हणायचे, "मी अलीकडच्या काठावर. म्हणून तर तुम्ही सगळे दिसता मला."

मी कुक्षीची. वडील तिथे कचेरीत होते. लग्नानंतर देवासहून पहिल्या महालक्ष्म्यांना धारला गेले, तेव्हा पुरण वाटून, पोळ्या लाटून, सोळा भाज्या निवडून आणि सवाष्णींच्या पंगती उठवून माझे पाय सुजले होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे पडद्याभोवती गोळा झाले आणि काका म्हणाले, "बोला सूनबाई, काय व्हायचंय? हरीण की मोर?" मी भिंतीला टेकले होते, डोळे आपोआप मिटत होते. तोंडातून निघून गेलं, "काहीही काढा काका, पण बसलेलं काढा." असा हशा पिकला म्हणता! काकांनी खरंच पळसाखाली बसलेली रोजडी काढली, अर्धवट डोळे मिटलेली. रोजडी म्हणजे नीलगाय. पिकात घुसते म्हणून आमच्याकडे शेतकरी तिला शिव्या देतात. मला रागच आला. इश्श, अख्ख्या जंगलात मी एकटीच आळशी? तर काका म्हणाले, "आळशी नाही, शहाणी. बाकीचे सूर्यास्त उभ्यानं बघतायत." पुढे कितीतरी वर्षं दुपारी जरा पडले की दीर-नणंदा म्हणायच्या, रोजडी बसली गं.

पुढच्या वर्षी श्रावणात कुक्षीला, माहेरी, मला मुलगी झाली आणि बारशाच्या आधीच गेली. सावळी होती, जावळ खूप होतं. मला एवढंच आठवतं, आणि त्यातलंही खरं आठवतं किती आणि मागाहून मनानं भरलं किती, हे आता सांगवत नाही. त्या काळी अशा मुलांबद्दल बोलत नसत. शेजारून मागून आणलेला पाळणा परत गेला. माझे डिंकाचे लाडू मात्र चालू राहिले, कारण बाळंतिणीचं अंग, त्याला काय माहीत. आई म्हणाली, "आता तो विषय नको. गप्प राहा, विसरशील." तिनं काही वाईट मनानं म्हटलं नाही. तिलाही तिच्या आईनं हेच सांगितलं असणार. मी गप्प राहिले, पण विसरले काही नाही.

त्या वर्षी मी धारला गेलेच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी गेले तेव्हा मनात एकच होतं, काकांनी तिला काढलंय का. नसणार हे मला ठाऊक होतं. तिला कुणी महालक्ष्म्यांच्या पायाशी घातलं नव्हतं. रीतीप्रमाणे ती ह्या घरात आलेलीच नव्हती, मग चित्रात कुठून येणार? तरी इंदूरहून धारची बस धरली. कंडक्टर "आगे सरको, भेनजी" म्हणून ओरडत होता आणि मला वाटत होतं, ही बस पोचूच नये. पोचलो. पडदा लागला. आधी लांबून बघितला, मग समई नीट करायच्या निमित्तानं जवळून. कुठेही नवं पाडस नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते धुपाच्या धुरावर ढकललं.

मग दुसऱ्या दिवशी पूजेला खाली बसले, तेव्हा दिसलं. रोजडीच्या पोटाशी आधी साधं उभं गवत होतं. तिथलंच एवढंसं गवत आता दबलेलं रंगवलं होतं. जनावर बसून उठलं की गवत थोडा वेळ आडवं राहतं ना, तसं. आणि मावळतीचा उजेड काकांनी नेमका तिथे आणून टाकला होता. मी मान वळवून काकांकडे पाहिलं. ते आरतीच्या तबकात वाती मांडत होते आणि त्यांनी वर पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं. माझं रडणं त्या दिवशी खरं बाहेर पडलं, न्हाणीघरात, बंबाच्या आवाजाआड.

पुढे मुलगा झाला. त्याला रीतसर पायाशी घातलं, आणि काकांनी त्याचं रानडुकराचं गुबगुबीत पिल्लू काढलं, ते पार तिकडे, ह्यांच्या सांबराच्या पायात. काकी म्हणाल्या, "अहो, आईच्या कुशीत काढायचं सोडून तिकडे काय? इथे एवढी जागा आहे." काका ब्रश पुसत म्हणाले, "तिथे कुठे आहे जागा?" सगळ्यांना दिसत होती ती. काकी काहीतरी बोलणार होत्या, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि उठून चहा टाकायला गेल्या. त्यानंतर वर्षानुवर्षं चित्रात गर्दी होत गेली. पुतणे आले, त्यांच्या बायका आल्या, पोरं आली. बगळ्यांना उभं राहायला काठ उरला नाही, एका हरणाला तर अर्धं देवदारामागे दडवावं लागलं. पण त्या गवतावर काकांनी कुणाचा खूर पडू दिला नाही. आम्ही दोघं त्याबद्दल एक शब्द कधी बोललो नाही. कधी वाटतं, बोलायला हवं होतं. मग वाटतं, बोलून तरी ह्याहून काय जास्त सांगणार होते ते मला?

काका गेले, मागोमाग काकी गेल्या, आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि हा बांबूवर गुंडाळलेला पडदा आमच्याकडे देवासला आला. मग हेही गेले. कुणी नवा प्राणी काढणारं उरलं नाही, म्हणून मग रीतही थांबली. चित्रात मात्र सगळे अजून पाण्यावर आहेत. दरवर्षी पडदा टांगला की मी आधी त्या गवताकडे बघते आणि मग मुखवट्यांकडे. देवींनी एव्हाना मनावर घेणं सोडलं असेल.

माझी सून इथलीच, देवासजवळच्या खेड्यातल्या मालवी घरातली. शाळेत शिकवते. मराठी शिकली ती माझ्याकडून, त्यामुळे तिचं मराठी जुनाट आणि हिंदी-मालवी मिसळून येतं. "आई, पडवळ चिरून ठेवलंय, अब इसका क्या?" असं. महालक्ष्म्यांची कहाणी वाचताना अडखळते, पण सोडत नाही. हात मात्र सोन्याचा. दिवाळीला गेरू आणि खडूनं अंगणात असे मांडणे, म्हणजे इकडची रांगोळी, काढते, की येणारा माणूस पाय कुठे ठेवू म्हणून उभा राहतो. ती आली तेव्हा काका नव्हते, त्यामुळे चित्रात ती नाही आणि माझी नातही नाही. मला वाटे, तिला त्याचं काय? तिच्या माहेरचं थोडंच आहे हे.

तर परवाची ती संध्याकाळ. सून वर आली. माझ्या हातात चहा दिला आणि पदराआडून नातीच्या रंगांचा डबा काढला.

"आई, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"आधी विचार तर खरी."

"इतने साल से मैं इनके आगे थाली रखती हूँ. मला पण घ्या ना चित्रात. मास्साब नाहीत तर मीच काढते. हात ठीक आहे माझा."

मी चहा खाली ठेवला. एवढी वर्षं ही बाई पुरण वाटताना, आरती म्हणताना समोर बघत होती आणि स्वतःला शोधत होती. मला सुचलंसुद्धा नव्हतं. "काय होणार?" मी विचारलं. "हरिणी," ती लाजून म्हणाली. "आणि कुठे?" ती गुडघ्यांवर बसली, आणि जराही न शोधता तिनं बोट ठेवलं. "इथे. आपके पास. पूरे जंगल में एवढीच जागा आहे बघा."

बरोबरच होतं तिचं. तेवढीच जागा होती. सूर्य टेकडीला टेकला होता, उजेड फार वेळ टिकणार नव्हता, आणि मला खरंच कंटाळा आला होता सगळ्याचा. वाटलं, हो म्हणावं. ही जिवंत आहे. माझ्या गुडघ्यांना तेल लावते, औषधांच्या वेळा माझ्यापेक्षा तिला पाठ आहेत. हिला नाही म्हणून मी जागा कुणासाठी धरून बसलेय? ज्यांना ठाऊक होतं ती सगळी माणसं गेली. उद्या मी गेले की ते नुसतं गवत. मग आजच का नको? असं सगळं शहाणपण मनात चाललं होतं, आणि खुर्चीतून वाकून माझा हात त्या गवतावर जाऊन बसला होता. "इथे नको," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. तिनं डब्याचं झाकण लावलं. "ठीक है आई. कोई बात नहीं." आणि ती उठायला लागली. मला स्वच्छ दिसलं, तिला काय वाटलंय ते. ती परकी, म्हणून माझ्याशेजारी नको. आता गप्प बसले तर ही हेच घेऊन खाली जाणार, आणि पुढच्या वर्षी हेच मनात ठेवून पुरण वाटणार. मी तिला हात धरून खाली बसवलं आणि सांगितलं. सगळं सांगितलं, कुक्षी, श्रावण, पाळणा, लाडू, काका. सुरुवात मराठीत केली आणि मध्येच कधी हिंदीत गेले ते कळलं नाही. गप्प राहा असं मला मराठीत सांगितलेलं होतं, म्हणून असेल, हिंदीत सोपं गेलं.

ती देवाची मर्जी म्हणाली नाही, की पुढे मुलगा झाला ना असंही म्हणाली नाही. त्या दबलेल्या गवताकडे बघत होती. मग म्हणाली, "नाम क्या था?"

"नाव कुठलं? बारसंच नाही झालं म्हटलं ना."

"वो नहीं पूछा, आई. आपने मन में क्या रखा था?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माझ्या आईनं नाही, ह्यांनी नाही, आणि काकांनी तर बोलायचंच नाही असं ठरवलेलं. ठेवलं होतं मी नाव. पोटात होती तेव्हाच ठेवलं होतं, कुणाला न सांगता. मनात कितीदा म्हटलं असेन, पण आवाजात कधीच नाही. कोपऱ्यावरची वीट उगाच सरळ केली. मग म्हटलं. सुनेनं ते ऐकून घेतलं आणि एकदा स्वतः म्हणून बघितलं, तिच्या मालवी हेलात, शेवट जरा लांबवून, अंगणातून एखाद्या पोरीला हाक मारावी तसं.

मग तिनं डबा पुन्हा उघडला. गवत सोडून पलीकडे सरकली, पळसाच्या बुंध्याशी, जिथे जेमतेम दोन बोटं जागा होती, आणि मांडण्यातल्यासारखी बारीक कमरेची, लांब मानेची हरिणी काढली. काकांच्या चित्रात ती अजिबात शोभत नाही. तिचं तोंड पाण्याकडे नाही, गवताकडे आहे. रंग वाळेपर्यंत आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो. अंधार पडला, खालून नात "मम्मी, भूख लगी" म्हणून ओरडली, आणि सून माझ्या काखेत हात घालून मला उठवायला लागली.

ते नाव मी इथे लिहीत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, मी गेले की ते माझ्याबरोबरच जाणार, आणि त्या वाटण्यानंच मी जास्त थकले असेन. आता ते माझ्यामागे घेणारं कुणीतरी आहे.